रजा कंपनीने रद्द केली, मग तिकिटांचे पैसे कुणाच्या खिशातून?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. १६ ते २४ मे अशी रजा फेब्रुवारीतच पोर्टलवर मंजूर झाली होती. दार्जिलिंग-सिक्कीमचा बेत आहे. मी, बायको, दोन मुलं आणि सासूबाई. पुणे-बागडोगरा येण्याजाण्याची विमानाची तिकिटं मी एका वेबसाइटवरून काढली, ९२ हजार रुपये. हॉटेलं आणि गाडी पुण्यातल्याच टूरवाल्याकडून ठरवली, त्याला ४५ हजार अ‍ॅडव्हान्स दिलाय. २ मेला साहेबांचा फोन आला : ग्राहक कंपनीचं ऑडिट जूनमधून अलीकडे ओढलंय, १८ ते २० मेला आहे, तुझ्याशिवाय होणार नाही, रजा कॅन्सल समज. पैशांचं विचारलं तर एचआर म्हणतं, ‘अशी काही पॉलिसी नाही.’ टूरवाला म्हणतो, अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही. एक मित्र सांगतोय, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून इन्शुरन्स क्लेम कर. बायको म्हणते, राजीनामा दे. काय करू?
एक वाचक, चिंचवड

उत्तर

प्रिय चिंचवडकर,

तुमचं काम घाईचं होतं म्हणून उत्तर आधी तुम्हाला मेलने पाठवलं. तोच मजकूर थोडा वाढवून इथे देतो, कारण ऑडिट, क्लोजिंग, गो-लाइव्ह अशा नावांखाली हाच प्रसंग बऱ्याच घरांत येतो.

पहिली गोष्ट : अजून काही रद्द केलं नसेल तर करू नका. फोन ठेवल्या ठेवल्या रागाने तिकिटं रद्द करणारे पुष्कळ असतात, आणि मग पावत्या घेऊन एचआरच्या दारात उभे राहतात. तिथे गाडी अडते. तिकिटं हातात असेपर्यंत कंपनीसमोर एक निर्णय असतो : या माणसाला थांबवायचं असेल तर इतका खर्च येईल, थांबवायचं का? तिकिटं रद्द झाली की तो निर्णय संपला, उरलं ते तुमचं नुकसान. निर्णयाला बजेट असतं. नुकसानीला ‘बघू’ असतं.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण तीच सगळ्यात कच्ची आहे. रजा रद्द झाली ती फोनवर. पोर्टलवर ती अजून मंजूरच दिसत असेल. उद्या कुणी विचारलं की रद्द कुणी केली, तर साहेब म्हणतील, ‘मी फक्त विचारलं होतं, तोच थांबतो म्हणाला.’ खोटं बोलतील असं नाही. माणसाला आपलं बोलणं मऊ आठवतं. म्हणून आज रात्रीच साहेबांना मेल करा, एचआरला सीसी ठेवा. इंग्रजीत लिहा, तुमच्याकडे तेच चालतं, पण मजकूर साधारण असा हवा :

‘२ मे रोजी फोनवर झालेल्या बोलण्याप्रमाणे, १८ ते २० मेच्या ऑडिटसाठी माझी १६ ते २४ मेची मंजूर रजा रद्द होत आहे असं मी समजतो. ऑडिटला मी हजर राहीन. या रजेच्या मंजुरीवर विसंबून मी फेब्रुवारीत पाच जणांची तिकिटं आणि हॉटेलं बुक केली आहेत. आज सगळं रद्द केल्यास निव्वळ नुकसान अंदाजे इतकं आहे, अमुक तारखेनंतर ते इतकं होईल. तपशील सोबत जोडला आहे. ही रक्कम कंपनीने द्यावी, किंवा २१ तारखेपासून मला रजेवर जाऊ द्यावं आणि फक्त माझ्या तिकिटाचा वाढीव खर्च द्यावा, यांपैकी काय शक्य आहे ते ६ मेपर्यंत कळवावं. तोवर मी काहीही रद्द करत नाही.’

यात ‘ऑडिटला मी हजर राहीन’ हे वाक्य वगळू नका, आणि ते वरच ठेवा. साहेबांचा जीव त्या एका वाक्यात अडकलेला आहे. ते वाचलं की पुढचं सगळं त्यांना धमकी वाटत नाही, हिशोब वाटतो. सासूबाईंची निराशा, मुलांची रडारड, बायकोचा अबोला, यातलं काहीही मेलमध्ये नको. आणि मेल असा हवा की साहेबांनी त्यात एक शब्दही न बदलता तो प्लांट हेडला फॉरवर्ड करावा. त्यांना वर भांडायला लावू नका, वर पाठवायला कागद द्या.

आता एचआरचं ‘पॉलिसी नाही’. तुम्ही ते ‘मिळणार नाही’ असं ऐकलंत. पॉलिसी नाही याचा अर्थ इतकाच की एचआर आपल्या अधिकारात ते देऊ शकत नाही. मनाई आहे असंही कुठे लिहिलेलं नाही. खर्च मंजूर करतो तो ज्याच्या खात्यातून ऑडिटचा खर्च पडतो तो माणूस, म्हणजे प्लांट हेड किंवा त्या ग्राहकाचा व्यवहार सांभाळणारे वरिष्ठ. ऑडिटरची हॉटेलं, गाड्या, जेवणं याच खात्यातून जातात. ऐनवेळी बाहेरचा सल्लागार बोलवावा लागला असता तर त्याचं बिलही इथूनच गेलं असतं. त्या रांगेत तुमची रक्कम मोठी दिसत नाही. म्हणून एचआरशी वाद घालू नका. त्यांना फक्त विचारा : ‘वरून मंजुरी आली तर तुम्ही ती कोणत्या पद्धतीने द्याल?’ हा प्रश्न त्यांच्या कामातला आहे, त्याचं उत्तर ते देतील.

कायद्याचा आधार विचाराल तर थोडक्यात सांगतो, कारण तिथे फार काही हाती लागत नाही. खासगी नोकरीत मंजूर रजा रद्द केली म्हणून सहलीचे पैसे भरून द्यावेत, असं थेट सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारी नोकरांच्या १९७२ च्या रजा नियमांत रजेवरून परत बोलावल्यास प्रवासभत्त्याची सोय आहे, पण तीही कामाच्या ठिकाणी परतण्यापुरती. हॉटेलच्या बुडालेल्या पैशांचं त्यात नाव नाही. दुकानं-कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्यात १५ दिवस आधी मागितलेली देय रजा मालकाने नाकारली, तर ४५ दिवसांच्या वर साठलेल्या रजेचे पैसे मागता येतात. तुमचा कारखाना असल्याने तो तुम्हाला लागू नाही, ऑफिसात बसणाऱ्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. बाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींचं थोडं वेगळं आहे : ब्रिटनमध्ये मालक ठरलेली रजा मागे घेऊ शकतो, पण साधारण जितक्या दिवसांची रजा तितक्या दिवसांची आगाऊ सूचना त्याला द्यावी लागते. जर्मनीत तर रजेवर गेलेल्या माणसाला परत बोलावण्याचा करारच तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २००० साली अवैध ठरवला. चाकणमध्ये बसून त्याचा हेवा करण्यापलीकडे आपण काही करू शकत नाही. तुमची मागणी कायद्यावर उभी नाही, ती रास्तपणावर आणि वेळेवर उभी आहे. त्यातला रास्तपणा तुमच्याकडे आहेच, वेळ तेवढी जाऊ देऊ नका.

आता मेलमध्ये जो आकडा घालायचा, तो काढू. १ लाख ३७ हजार हा तुमचा आकडा नाही. तो तुम्ही भरलेला पैसा. मागायचं ते निव्वळ नुकसान, म्हणजे सगळीकडून जे परत येईल ते वजा करून उरलेलं. आणि ते कमी करण्याचा प्रयत्न तुम्ही मनापासून केलाय हे दिसलं पाहिजे, नाहीतर मंजुरी देणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.

त्यासाठी आधी एक गोष्ट घरात बसून ठरवा. ऑडिट तीन दिवसांचं आहे, सहल नऊ दिवसांची. सगळ्यांनी का थांबायचं? बायको, मुलं आणि सासूबाई १६ ला निघतील, गाडी आणि ड्रायव्हर ठरलेलाच आहे, पहिले दिवस दार्जिलिंगला आरामात जातील. टायगर हिलवरून कांचनजंगा बघायला जावई बरोबर असलाच पाहिजे असं नाही. तुम्ही २१ ला बागडोगऱ्याला उतरा आणि पुढच्या सिक्कीमसाठी त्यांना गाठा. असं केलंत तर कंपनीकडे मागायची रक्कम एका माणसाच्या तिकिटापुरती उरते. ती साहेब स्वतःच्या सहीवरही देऊ शकतील. बायकोला एकटीने दोन मुलं आणि आई सांभाळणं नको वाटत असेल तर तेही बरोबरच आहे. तो निर्णय तिचा. तिला ‘तुम्ही जा ना’ असं वरवर म्हणू नका, नीट विचारा.

हा मार्ग घेतलात तर एक खड्डा आहे. पाचही तिकिटं एकाच पीएनआरवर असणार, आणि येण्याजाण्याची एकत्र. तुम्ही १६ ला नुसतेच गेला नाहीत, तर विमान कंपनीच्या लेखी तुम्ही ‘नो-शो’, आणि मग तुमचं २४ चं परतीचं तिकीटही रद्द होऊ शकतं. म्हणून आधीच फोन करून तुमचं नाव वेगळ्या पीएनआरवर काढून घ्या. ‘स्प्लिट पीएनआर’ म्हटलं की त्यांना कळतं. नंतर फक्त तुमच्या जाण्याच्या तिकिटाची तारीख १६ वरून २१ करा. उरलेल्या चौघांच्या तिकिटांना हात लागणार नाही. हे चॅटवर करू नका, फोनवर करा, आणि बदललेलं तिकीट मेलवर आल्याशिवाय फोन ठेवू नका.

आणि सगळंच रद्द करायची वेळ आली, तर ९२ हजारांकडे एकगठ्ठा बघू नका. तिकिटाची पीडीएफ उघडा, खाली भाड्याची फोड असते. एक ओळ मूळ भाड्याची. काही तिकिटांवर इंधन अधिभार. मग विमानतळाची यूडीएफ (विमानतळ वापरल्याचं शुल्क), सुरक्षेचं शुल्क, जीएसटी, आणि शेवटी वेबसाइटची कन्व्हिनियन्स फी. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियम असा की रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या वर जाता कामा नये, आणि यूडीएफसारखी शुल्कं व सरकारी कर प्रवाशाला परत मिळालेच पाहिजेत. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी, आणि माणूस विमानात बसलाच नाही तरी. बरेच लोक ‘नॉन-रिफंडेबल’ शब्द वाचून रद्द करायच्याही फंदात पडत नाहीत, आणि हा पैसा विमान कंपनीकडे राहतो. पाच माणसं, दोन्हीकडचा प्रवास, म्हणजे ही बारीक ओळ दहा वेळा मोजायची आहे. कन्व्हिनियन्स फी मात्र गेली असं धरा.

आणखी दोन गोष्टी विमानाच्या. फेब्रुवारीपासून आजवर ‘तुमच्या विमानाची वेळ बदलली आहे’ असा मेसेज आला होता का, ते शोधा. आपण तो वाचून सोडून देतो. वेळ बरीच सरकली असेल तर बऱ्याच विमान कंपन्या फुकट रद्द करू देतात किंवा तारीख बदलून देतात. असा मेसेज सापडला तर तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. दुसरी गोष्ट, पैसे ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी विमान कंपनीकडेच, ठेवायचे की परत घ्यायचे, ही निवड तुमची असते, आपसूक शेलमध्ये टाकले तर हरकत घ्या. वेबसाइट म्हणाली ‘विमान कंपनीने दिले नाहीत’ आणि विमान कंपनी म्हणाली ‘वेबसाइटला विचारा’, तर जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट तिचा प्रतिनिधी धरला जातो. तक्रारीसाठी सरकारचं ‘एअर सेवा’ पोर्टल आहे.

(रेल्वेने जाणाऱ्यांसाठी जाता जाता : कन्फर्म तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्या नावावर करता येतं. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज द्यायचा. तुम्हाला जमत नसेल तर भावाला पाठवा. विमानात ही सोय नाही.)

टूरवाल्याबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. या सगळ्या प्रकरणात त्याची चूक कमीत कमी आहे. त्याने तुमच्या ४५ हजारांतले काही गंगटोकच्या हॉटेलला, काही दार्जिलिंगला, काही गाडीवाल्याला दिले असतील. मे महिना तिथला भर सीझन. ‘अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही’ हे तो तोंडपाठ बोलतो, पण त्यावर गप्प बसायचंही कारण नाही. त्याला शांतपणे विचारा : कुणाला किती दिले, त्यातलं कोण किती कापतंय? हॉटेलांच्या मेलच्या प्रती दाखव. भर सीझनमध्ये दहा-बारा दिवस आधी सुटलेली खोली हॉटेलवाल्याला पुन्हा विकता येते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यालाही. १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करार मोडल्यावर जी रक्कम ठरलेली असेल, ती कमाल मर्यादा; मिळते ती वाजवी भरपाई. म्हणजे एक रुपयाचं नुकसान नसताना सगळा अ‍ॅडव्हान्स गिळता येत नाही. अगदीच अडून बसला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. पण तिथवर जाऊ नये. टूरवाल्यांकडे टप्पे असतात, अमुक दिवस आधी इतके टक्के, मग आणखी. पुढचा टप्पा कोणत्या तारखेला पडतो ते त्याच्याकडून लिहून घ्या. तुमच्या मेलमध्ये ‘अमुक तारखेनंतर’ म्हणून जी मोकळी जागा आहे, तिथे ही तारीख बसते. कंपनीला घाई करायला लावणारी तीच एक गोष्ट तुमच्या हातात आहे.

डॉक्टरच्या सर्टिफिकेटचं मात्र ऐकू नका. तिकीट काढताना टिक केलेल्या विम्यात प्रवास रद्द झाल्याची भरपाई असते, पण ती ठराविक कारणांसाठी : स्वतःचं किंवा जवळच्या माणसाचं आजारपण, अपघात, मृत्यू, कुठे नैसर्गिक आपत्ती. ‘साहेबांनी थांबवलं’ हे कारण सहसा नसतं. पॉलिसीचा कागद एकदा वाचून बघा, काही महागड्या पॉलिसींत आणि क्रेडिट कार्डांच्या सोयींत अपवाद सापडतो. पण खोटा दाखला म्हणजे सरळ फसवणूक. शिवाय ती किती कच्ची ते बघा : १८ ते २० मे तुम्ही अंथरुणाला खिळल्याचा दाखला विमा कंपनीकडे, आणि त्याच तीन दिवसांची तुमची अंगठ्याची हजेरी चाकणच्या गेटवर, वर ऑडिटच्या कागदांवर सह्या. असला सल्ला देणारे मित्र चौकशीच्या वेळी बरोबर नसतात.

पैसे मंजूर झाले तर दोन कागदी गोष्टी. ते कोणत्या खात्याखाली देताय हे अकाउंट्सला विचारा. पगारात टाकले तर टीडीएस कापला जाईल आणि हातात कमी येईल. बिलं जोडून खर्चाची भरपाई म्हणून द्यायला त्यांना जमतंय का, ते आधीच बोलून घ्या. आणि या सहलीवर एलटीए (पगारातल्या प्रवासभत्त्यावरची करसूट) घ्यायचा विचार असेल तर रद्द झालेल्या तिकिटावर ती सूट मिळत नाही, त्यासाठी प्रवास प्रत्यक्ष व्हावा लागतो. रजेचे दिवसही परत खात्यात जमा झालेत का, ते पोर्टलवर बघून घ्या. पैशांच्या धावपळीत हे राहून जातं आणि मार्चमध्ये लक्षात येतं.

मागताना नव्या जॅकेटांचे, बुटांचे पैसे त्यात घालू नका. ती घरातच आहेत. यादीत अशी एक ओळ घुसली की वाचणारा बाकीच्या ओळींकडेही संशयाने बघतो.

कंपनी नाही म्हणाली तर? सरसकट नाही म्हणणं तसं कमी दिसतं; अर्धे देतो, पुढच्या वर्षीच्या इन्क्रीमेंटमध्ये बघतो, बदली सुट्ट्या देतो, असं काहीतरी येतं. अर्धे आत्ता मिळत असतील तर घ्या. इन्क्रीमेंटचं आश्वासन घेऊ नका, त्याला काही किंमत नाही. लेखी बदली सुट्ट्या चालतील. बायकोला सांगा की राजीनाम्याचं तुम्ही डोक्यात ठेवलंय, पण ऑडिट होईपर्यंत त्यावर बोलायचं नाही. एवढी नेमकी, नम्र, कागदांसकट केलेली मागणीही वरच्यांनी वाचली नाही, असं झालं तर जूनमध्ये त्यावर बोलायला तुमच्याकडे ठोस कारण असेल. आज आहे तो नुसता संताप आहे.

शेवटी टूरवाल्याचं राहिलं. तो रोख परत देण्याऐवजी पुढच्या तारखा देईल, आणि तेच तुम्हाला स्वस्त पडेल. पण तोंडी नको. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या : किती रक्कम जमा आहे, कधीपर्यंत चालेल, तेव्हाचे दर वाढले तर फरक कोण भरणार, आणि नावं बदलता येतील का. जून ते सप्टेंबर तिकडे पाऊस आणि दरडी, ते महिने तो देईल तरी घेऊ नका. दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगालमधले पर्यटक दार्जिलिंग भरून टाकतात, तेव्हा दरही चढे. दिवाळीनंतरच्या तारखा मागा. हवा स्वच्छ असते, कांचनजंगा दिसायची शक्यता मेपेक्षा चांगली. नथुला (गंगटोकहून बघायला जातात तो चीन सीमेवरचा घाट) सोमवार-मंगळवार बंद असतो, तेवढं बघून गंगटोकचे दिवस ठरवा, आणि या वेळी रजेच्या अर्जात ‘या मंजुरीवर विसंबून तिकिटं काढत आहे’ ही एक ओळ घाला.